बुरूलचे पुढचे चार दात

कराकोलच्या बाजारातून सुटलेल्या मिनीबसमध्ये बुरूलला शेवटची जागा मिळाली. शेजारी एक लांब पायांचा तरुण, गुडघे नेमके कुठे ठेवावेत या विवंचनेत अवघडून बसला होता. बाहेर मे महिन्याची भुरभुर चालू होती. काचेवरचे थेंब एकमेकांत मिसळत खाली ओघळत होते, आणि बुरूल त्या थेंबांकडे बघत पर्समधलं कुरुत चाचपत होती. कुरुत म्हणजे दह्याचे उन्हात वाळवून दगड केलेले खारट गोळे. ते चघळायचे असतात, चावायचे नसतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण धीर धरणं हा प्रकार बुरूलच्या स्वभावात कधी नव्हताच. तिनं कडकन चावलं, आणि... टक्.

काहीतरी बारीकसं उडालं आणि शेजाऱ्याच्या बुटावर पडलं. त्यानं वाकून उचललं, चिमटीत धरून उजेडाकडे नेलं.

"उजवीकडचा, वरचा, दुसरा," तो गंभीरपणे म्हणाला.

बुरूलनं घाबरून तोंडावर हात ठेवला. "दात पडला?"

"दात नाही. दातावरचं ब्रॅकेट. दात असेल तिथंच... असायला हवा."

जिभेनं चाचपून झालं. दात होता. मग तिला राग आला. "आणि कुठल्या दाताचं ते तुम्हाला कसं कळलं?"

"प्रत्येक दाताचं वेगळं असतं."

"बूट बघून गिऱ्हाईक ओळखणारा चांभार पाहिलाय मी. हे नवीनच."

"तारा लावलेल्या दातांनी कुरुत फोडणारी मुलगी मीही आज नव्यानंच बघतोय," तो म्हणाला, आणि ते ब्रॅकेट रुमालाच्या कोपऱ्यात बांधून त्यानं तो रुमालच तिच्या हातात दिला. त्याचे डोळे हसत होते. तोंड मात्र सरळ होतं, आणि याचाच बुरूलला जास्त राग आला.

ती उतरली. तोही उतरला. ती वळली, तोही वळला. सफरचंदाच्या बागेच्या कोपऱ्यावर ती थांबली. "तुम्ही माझ्या मागं मागं येताय."

"मी पुढं चालू का? मग तुम्ही माझ्या मागं याल."

दोघंही एकाच दारात जाऊन थांबले. दारात दामिरा एजे, म्हणजे दामिराताई, उभ्या होत्या. दवाखाना त्यांचा. निम्म्या कराकोलचे वाकडे दात त्यांनी सरळ केले होते, आणि उरलेल्यांचे करायचा त्यांचा विचार होता.

"भेटलात का रस्त्यातच?" त्या म्हणाल्या. "बुरूल, हा डॉक्टर तिलेक. राजधानीतून, बिश्केकहून आलाय. माझे निम्मे पेशंट आजपासून याच्याकडं. तुला त्याच्याच गळ्यात बांधलंय बघ."

बुरूलचे कान लाल झाले. तिलेक हात धुवायला वळला, आणि बराच वेळ हात धूत राहिला.

*

ब्रॅकेट पाच मिनिटांत चिकटलं. "आता आलाच आहात तर एक्स-रे काढू," तिलेक म्हणाला. "तारा लावून सहा महिने झाले की मुळं कशी आहेत ते बघायचं असतं."

"मुळं कशी असणार? मुळासारखी."

"देवाच्या कृपेनं," म्हणत तो हसला. मग नवा फोटो पडद्यावर आला, शेजारी सहा महिन्यांपूर्वीचा जुना, आणि त्याचं हसू मावळलं. त्यानं दोन्ही फोटो मोठे केले. पुन्हा मोठे केले. खुर्ची जवळ ओढली.

"दुखतात का पुढचे दात?"

"नाही."

"हलतात?"

"नाही. का?"

"तेच तर. हे दुखत नाही." त्यानं बोट जुन्या फोटोवर ठेवलं. "ही बघा टोकं. आणि हा आजचा." वरच्या पुढच्या चार दातांची मुळं जुन्या फोटोत छान निमुळती होती. नव्या फोटोत ती बोथट होती, टोक मोडलेल्या पेन्सिलीसारखी. "तार दाताला ढकलते. दाताला वाट मिळावी म्हणून शरीर पुढचं हाड थोडंथोडं विरघळवतं, मागं नवं भरतं. असेच दात सरकतात. पण जोर जास्त झाला की हाडाबरोबर मुळंही विरघळायला लागतात. थोडीफार सगळ्यांचीच झिजतात. तुमची मात्र... जरा घाईनं झिजतायत."

बुरूल पडद्याकडे वाकली. "परत वाढतात ना?"

"गेलेलं परत येत नाही," तो हळूच म्हणाला. "पण वेळेवर सापडलंय. जोर थांबला की झीजही थांबते, बहुतेक वेळा. नाही थांबली तर मुळं अर्ध्यावर येतील, आणि मग दात सैल होतील." मग तो प्रश्न विचारत सुटला. नखं खाता? पेन चावता? दातांनी दोरा तोडता? लहानपणी घोड्यावरून तोंडावर पडलात?

"पडले, पण पाठीवर."

"दातांवर रोज कशाचा दाब येतो? कशाचाही?"

"नाही," बुरूल म्हणाली.

आणि ती खोटं बोलत नव्हती. ती रोज चार तास तेमिर कोमुझ वाजवायची. तेमिर कोमुझ म्हणजे लोखंडी मोरचंगच. त्याची चौकट पुढच्या दातांना टेकवायची आणि मधली पोलादी जीभ बोटानं छेडायची. दात थरथरतात, डोकं घुमतं, आणि तोंडातून डोंगरातला वारा वाजायला लागतो. पण त्याला दातांवरचा दाब म्हणायचं हे त्या गावात कुणाच्या डोक्यात येणार? ते वाजवणं होतं. शेजारीच उभ्या असलेल्या दामिरा एजेंनी बुरूलचं वाजवणं ती सहा वर्षांची असल्यापासून ऐकलं होतं, कौतुकानं टिपं गाळली होती. त्यांच्याही डोक्यात आलं नाही. तिलेक तर शहरात वाढलेला. त्यानं हे वाद्य रंगमंचावर, लांबून पाहिलं होतं.

त्यानं जाड तार काढून एक बारीक तार बसवली. "ही दात ओढणार नाही, नुसती जागेवर धरून ठेवेल. चार महिने विश्रांती."

"मला की दातांना?"

"दातांना. तुम्ही मात्र महिन्याला येऊन दाखवून जायचं."

"काय दाखवून?"

तिलेकच्या हातातला छोटा आरसा ट्रेमध्ये खणकन पडला. "दात," तो म्हणाला. "दुसरं काय..."

*

जूनमध्ये दामिरा एजेंचा नातू चालायला लागला, आणि त्यांच्या बागेत मेजवानी झाली. रिवाजाप्रमाणे पोराचे पाय काळ्या-पांढऱ्या दोऱ्यानं सैलसर बांधले, तरुण मंडळींची शर्यत लावली. जो पहिला येईल त्यानं दोरा कापायचा, म्हणजे पोर त्याच्यासारखं पळतं. बुरूल स्कर्ट सावरत पळाली आणि पहिली आली. लांब पायांचा तिलेक तिसरा.

"मुद्दाम हरलात," ती धापा टाकत म्हणाली.

"नाही हो. मी खरंच एवढाच पळतो."

ती खळखळून हसली, आणि तिलेक ते हसू बघत राहिला. डॉक्टरच्या नजरेनं नाही, हे त्याला स्वतःलाही कळलं असावं, कारण त्यानं घाईनं शेजारचा कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा उचलून तोंडाला लावला.

मग म्हातारी मंडळी बुरूलच्या मागं लागली. वाजव पोरी. तिनं डबीतून तेमिर कोमुझ काढलं, पुसलं, डोळे मिटले. पहिलाच सूर झाडांमधून असा घुमत गेला की बडबडणाऱ्या बायका गप्प झाल्या. तिलेक तर पार विरघळला होता. मग त्याची नजर तिच्या बोटांवरून तिच्या ओठांकडे गेली, ओठांवरून दातांकडे, आणि लोखंड कुठं टेकलंय ते त्याला दिसलं.

तो ताडकन उठला. वाडग्यातलं कुमिस पँटवर सांडलं. "थांबा!"

सूर तुटला. वाजवणाऱ्याला मध्येच थांबवणं म्हणजे तिथं ताटावरून उठवण्याहून वाईट.

"हा कोण उपटसुंभ?" एका आजोबांनी विचारलं.

दामिरा एजेंनी आधी तिलेककडे पाहिलं, मग बुरूलच्या हातातल्या लोखंडाकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. "मीच गाढव," त्या म्हणाल्या. "माझ्या नाकासमोर, सहा महिने."

झाडांच्या मागं बुरूल तिलेकवर बरसली. "चारचौघांत माझा अपमान केलात."

"रोज किती वाजवता?"

"चार तास. कधी पाच. तुम्ही सवयी विचारल्या होत्या. ही सवय नाही, हे माझं काम आहे."

"दातांना त्यातला फरक कळत नाही, बुरूल. तार एकीकडून ढकलतेय, आणि तुम्ही दुसरीकडून तासन् तास लोखंड दाबून थरथरवताय. मुळं कुणाकुणाला पुरी पडणार?" त्यानं खोल श्वास घेतला. "बंद करावं लागेल. तारा निघेपर्यंत."

"ऑक्टोबरात बिश्केकच्या वाद्यवृंदाची निवड आहे. एक जागा. कितीतरी वर्षांनी रिकामी झालीय. मी तिच्यासाठीच..." तिनं लोखंड पुन्हा डबीत टाकलं. "तारा तरी मी लावल्याच कशाला? वाकडा दात लोखंडाला घासून करकरायचा. सूर नितळ यावा म्हणून लावल्या. आणि आता तुम्ही म्हणता वाजवूच नको."

तिलेकच्या पँटवरून कुमिस ठिबकत होतं, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"होईल सगळं ठीक, असं म्हणता आलं असतं मला," तो म्हणाला. "सोपं होतं. पण ऑक्टोबरात वाजवाल आणि तिशीत दात हातात येतील, तर मला चालणार नाही. मला तुम्ही म्हाताऱ्या झाल्यावर वाजवाल तेही ऐकायचंय."

पानं सळसळली. दोघंही जरा दचकलेच.

"म्हणजे... पेशंट म्हणून," तिलेक पुटपुटला.

"असं होय," बुरूल म्हणाली, आणि डोळे पुसत निघून गेली.

*

दोन आठवडे बुरूलचं लोखंडी कोमुझ डबीत पडून राहिलं. बोटं आपोआप गुडघ्यावर ताल धरायची, आणि मग तिला रडू यायचं. एके दिवशी चिडून सगळं कपाट उपसताना तिच्या हाताला लाकडी ओझ कोमुझ लागलं. ती लहान असताना वाजवायची ते. लाकडाची पातळ पट्टी, तिला दोरी. ओठांशी धरायचं आणि दोरीला झटके द्यायचे. आवाज मऊ, गवतातल्या किड्याएवढा. मोठं झाल्यावर तिनं त्याला कधी हात लावला नव्हता. गुराख्यांचा खेळ म्हणून हसायची त्याला.

ती तशीच दवाखान्यात गेली.

"हे ओठांना लागतं, दातांना नाही," तिनं तिलेकच्या नाकासमोर ती पट्टी धरली.

"नक्की?"

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्या दातांच्या बाबतीत माझा माझ्यावरही नाही." त्यानं ड्रॉवरमधून निळ्या कागदाची पट्टी काढली. चाव नीट बसतो का हे बघायला दाताखाली ठेवतात ती. जिथं दाब पडतो तिथं निळा डाग उमटतो. त्यानं ती तिच्या पुढच्या दातांवर हलकेच टेकवली. "आता वाजवा. दातांवर निळं आलं तर हेही बंद."

बुरूलनं डोळे मिटले आणि दोरी ओढली.

मऊ, खोल, ओलसर सूर. दवाखान्याच्या त्या औषधी वासात अचानक कुरणातली संध्याकाळ उतरली. ती वाजवत राहिली. वाजवण्याची किती ओढ होती तिला, हे तिचं तिलाच आत्ता कळत होतं. थांबली तेव्हा तिलेक समोर नुसता उभा होता.

"बघा ना," ती म्हणाली.

"हां... हो." त्यानं कागद काढला, आरसा धरला, वाकून एकेक दात पाहिला. "कोरे आहेत. चारही. एक ठिपका नाही."

"आणि?"

"आणि ओठ... ओठ निळे झालेत."

"पुसायला काही देणार की बघतच राहणार?"

त्यानं कापूस दिला. इतक्या जवळून तिला त्याच्या पापण्या दिसल्या, लांब, आणि खाली वळलेल्या. तिला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल.

"तिलेक," पलीकडच्या खोलीतून दामिरा एजेंचा आवाज आला, "इकडे एक आजोबा केव्हाचे तोंड उघडून बसलेत."

पुढच्या महिन्यात ती नवा स्कर्ट घालून गेली, तर खुर्चीशी दामिरा एजे उभ्या.

"तिलेकनं तुझी केस मला परत दिली," त्या म्हणाल्या.

"का?"

"विचारलं मी. कान लाल करून पळाला."

बुरूलला वाटलं, तो कंटाळला असेल. झिजल्या मुळांची, भांडकुदळ पेशंट कोणाला हवी? तिला इतकं वाईट वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं. त्या संध्याकाळी तिनं दोरीला इतके झटके दिले की बोटाची साल निघाली. मऊ आवाज मोठा करायचा म्हणून ती नदीच्या खळखळाटाशेजारी बसून वाजवायची, आणि हळूहळू तिला उमगलं की तो मोठा होणार नाही. त्याला मोठं करायचंच नाही. ऐकणाऱ्यालाच जवळ बोलवायचं.

*

सप्टेंबर सरता सरता पुन्हा एक्स-रे. मुळं अजून झिजत असतील तर तारा उपटून काढाव्या लागणार होत्या, आणि लोखंडी कोमुझला कायमचा रामराम. पडद्यावर तीन फोटो ओळीनं आले. दामिरा एजेंनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"एजे, बोला ना काहीतरी."

"थांबलीयत," दामिरा एजे म्हणाल्या. "तसूभरही पुढं झिजलेली नाहीत. कडा बघ, गुळगुळीत झाल्यात. दात घट्ट." मग त्यांनीच डोळे पुसले. "आता अगदी हलक्या जोरानं पुन्हा सुरू करू. मध्येमध्ये फोटो काढत राहू. आणि लोखंडाचं विचारू नकोस, तारा निघाल्यावर बघेन. तोवर हात लावलास तर मीच ते विहिरीत टाकीन."

बुरूलनं त्यांना अशी मिठी मारली की चष्मा खाली पडला. मान वळवली तर दारात तिलेक. तो फोटोकडे बघत होता आणि त्याचा सगळा चेहरा हसत होता. तिनं बघितलं तसा तो चटकन बाजूला झाला. पण बुरूलनं त्याला बोळात गाठलं.

"मला का सोडलंत?"

"केस सोडली."

"एकच ते."

"एकच नाही." तिलेकनं भिंतीला पाठ टेकवली. "डॉक्टरनं आपल्या पेशंटला काही गोष्टी विचारायच्या नसतात, बुरूल. आणि मला... त्याच विचारायच्या होत्या. दुसरं काही सुचतच नव्हतं."

बुरूलच्या मनावरचा उन्हाळाभराचा धोंडा उतरला. तिला नाचावंसं वाटलं. पण ती म्हणाली, "मग इतके दिवस काय करत होतात?"

"धीर गोळा करत होतो."

"झाला?"

"थोडा."

"उरलेला गोळा करून परवा बिश्केकला या. आधी मी माझं जिंकते. मग तुमचं ऐकते."

*

सभागृह मोठं होतं, आणि आधीच्या सगळ्यांनी लोखंड खणखणवलं होतं. बुरूलनं लाकडी पट्टी काढली तेव्हा मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं.

परीक्षकांत मधोमध एक भारदस्त बाई बसल्या होत्या. "मुली, ही जागा लोखंडी कोमुझची आहे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," बुरूल म्हणाली. "लोखंडानं माझ्या दातांची मुळं झिजत होती. आता थांबलीयत. तारा निघाल्या की डॉक्टर सांगतील तसं तेही वाजवीन. आज हे ऐका."

तिनं दोरी ओढली. पहिले सूर पहिल्या रांगेपर्यंतही पोचले नाहीत. पाठीमागं कुजबुज झाली. बुरूल घाबरली नाही. तिनं आणखी हळू वाजवलं.

कुजबुज थांबली. मग खोकणारे खोकायचे थांबले. खुर्च्यांची करकर थांबली. भारदस्त बाई उठल्या, आपली खुर्ची स्वतः उचलून रंगमंचाच्या पायाशी घेऊन आल्या, आणि हनुवटी हातावर टेकवून बसल्या. त्यांच्या मागोमाग बाकीचे दोघे आले. वाजवणं संपलं तरी बराच वेळ कोणी टाळी वाजवली नाही, कारण ते संपलंय याची कोणालाच खात्री नव्हती. आणि मग छत उडेल अशा टाळ्या पडल्या.

"जागा तुझी," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "दोन्ही वाजवणारं माणूस आम्हाला मिळालं नव्हतं. आणि लोखंडाची घाई करू नकोस. आम्ही थांबू."

बुरूल बाहेर आली ती तरंगतच. रस्त्यावर पिवळ्या पानांचा सडा पडला होता, आणि त्यात तिलेक उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, पांढराफटक पडून.

"ऐकू आलं?" तिनं विचारलं.

"शेवटच्या रांगेत होतो. येईना. म्हणून उठून पुढं आलो, मग आणखी पुढं, मग आणखी. शेवटी दारवानानं दंड धरून खाली बसवलं."

ती हसली. तो हसला नाही. एकदम, पाठ केल्यासारखा बोलत सुटला. "माझ्या आईनं कानातली काढून ठेवलीयत. चांदीची. रोज विचारते, कुणाच्या घरी घेऊन जायची. मी म्हटलं, आधी तिला विचारतो. म्हणजे... तुम्हाला."

मुलाची आई कानातली घेऊन कुणाच्या दारी जाते आणि ती मुलीच्या कानात घालते तेव्हा काय ठरतं, हे त्या देशात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. बुरूलनं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस तिला नाही म्हणाला होता, सगळ्या बागेसमोर, आणि म्हणूनच आज तिचे दात तिच्या तोंडात होते, जागा तिच्या हातात होती. तिला तो इतका आवडला की छातीत मावेना.

तिनं त्याचा हात धरला. भर रस्त्यात, लोकांदेखत.

"तिलेक," ती म्हणाली, "तुझ्या आईला सांग, मला तू फार आवडतोस. आणि रविवारी या. आमच्याकडे सगळे घरीच असतात."

तिलेकनं नुसती मान हलवली, आणि तिचा हात धरून तो बस स्टँडच्या अगदी उलट दिशेला चालायला लागला. बुरूलनं त्याला बराच वेळ काही सांगितलं नाही.